कोसंबटोल्यानं पुरा केलेला सिनेमा

वडश्यात लटारूला कोणी "कुठी रायतेस गा?" असं विचारलं, की तो उलट विचारायचा, "आज?" त्यात खोटं काही नव्हतं. भाताच्या हंगामात तो राइस मिलच्या शेडमध्ये कोंड्याच्या पोत्यांवर झोपे, उन्हाळ्यात बाजाराच्या ओट्यावर, आणि पावसाळ्यात जिथं गळत नाही तिथं. जिथं गळत नाही अशा जागांवर आधीच गाई, कुत्री आणि दोन-चार बैरागी हक्क सांगून बसलेले असत. लटारू त्यांच्यात सरकून अंगापुरती जागा करून घेई आणि सकाळी उठून सगळ्यांना, कुत्र्यांसकट, रामराम घाली. वय चाळिशीला टेकलेलं, अंग काटक, ओठावर झुपकेदार मिशी, आणि हमालीला उभा राहिला तर दोघांचं काम एकटा ओढणारा. दारू नाही, जुगार नाही, कोणाशी वाकडं नाही. फक्त घर नाही. यात त्याचीच काहीतरी खोड असणार, असं लोकांना वाटे. लोकांना असं वाटून घ्यायला आवडतं, त्यानं स्वतःच्या छपराखाली झोप चांगली लागते.

खोड काहीच नव्हती. आईबाप एकाच पटकीत गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता. काकानं सांभाळलं, म्हणजे ढोरांमागं पाठवलं. मिसरूड फुटली तेव्हा काकाच्या पोरांना घर अपुरं पडायला लागलं आणि लटारू बोचकं उचलून वडश्याला आला. त्या बोचक्यात एक धोतर, एक वाकळ आणि एक पितळी थाळी. एकदा झोपेत तेही कोणी लांबवलं. एकदा ओट्यावर झोपला म्हणून कोण्या शिपायानं खांद्यावर दंडुका हाणला. दोनदा लग्नाची बोलणी झाली, आणि दोन्ही वेळा पोरीच्या बापानं एकच विचारलं, "पोरगी दिली तं कोन्या दारात पाठवू?" लटारूनं तिसऱ्यांदा कोणाला विचारायला लावलं नाही. पण गडी कुढत बसणारा नव्हता. पोत्यांची थप्पी लावता लावता नाटकातली पदं म्हणायचा, आणि आवाज असा खणखणीत, की मिलच्या इंजिनावरून पलीकडं ऐकू जावा.

त्या आवाजामुळंच तो इनायतभाईच्या नजरेत भरला.

इनायतभाई चांद्याचे. छप्पन सालच्या दिवाळीनंतर त्यांनी आपली तंबू टॉकीज वडश्यात उतरवली होती. देहानं ऐसपैस, कानात अत्तराचा फाया, तोंड फटकळ आणि मन लोण्यासारखं. नागपुराहून त्यांनी या खेपेला 'ना पता ना ठिकाना' नावाचा सिनेमा आणला होता. त्यात एक खेड्यातला माणूस मुंबईला येतो, फुटपाथवर झोपतो, पोलिसांचा मार खातो, त्याचं गाठोडं चोरीला जातं, लाकडी खोक्यांची खोपटी उभी करतो तर लॉरी येऊन तीही घेऊन जाते. शेवटी गडी एका पुलावर उभा राहून गाणं म्हणतो, मग रस्त्यानं चालू लागतो आणि पडदा काळा होतो. सबंध सिनेमात त्याला कोणी नाव म्हणून विचारत नाही. जो तो "ए" म्हणतो, नाहीतर "चल हट" म्हणतो.

सिनेमा चांगला होता, फक्त वडश्याच्या कामाचा नव्हता. दिवसभर धानाचा भाव करून दमलेल्या व्यापाऱ्यांना संध्याकाळी हसायला हवं होतं, आणि हमालांचं म्हणणं असं, "आमाले हे सारं फुकटात दिसते. पैसे देऊन काऊन पाहाव?" तंबूत पहिल्या दिवशी माणसं कमी आणि मच्छर जास्त.

इनायतभाईंनी मग एक शक्कल काढली. त्यांनी लटारूला बोलावलं, पडद्यावरच्या माणसासारखा एक फाटका काळा कोट त्याच्या अंगात चढवला आणि हातात पत्र्याचा भोंगा दिला. "लटारू, मिया, तू बस चिल्लाव. फाटका दिसण्याचं काम कोट करेल."

"कोटाले कायले तरास देता?" लटारू म्हणाला. "ते काम मी जन्मापासून करून राह्यलो."

तरी वडसा बधलं नाही. तेवढ्यात कोसंबटोल्याहून सांगावा आला, की आमच्या मंडईला, दिवाळीनंतरच्या जत्रेला, यंदा नाटक कंपनी मिळाली नाही, सिनेमा असला तर सिनेमा आणा. इनायतभाईंनी दोन बंड्या जुंपल्या, तेलाचं इंजिन, तंबू, रिळांचे डबे लादले, भोंग्यासकट लटारूला वर बसवलं आणि जंगलाची वाट धरली.

आता कोसंबटोल्याची एक रीत सांगितली पाहिजे, तिच्यावाचून पुढचं सारं अधांतरी राहील. झाडीपट्टीतल्या गावांना नाटकाचं वेड, पण कोसंबटोल्याचं वेड जरा वरचढ. नाटक झालं, की दुसऱ्या दिवशी सकाळी गुणवंतराव पाटील पारावर बसून नटमंडळी घराघरांत जेवायला वाटून द्यायचे. राजाचा पार्ट करणारा पाटलांकडं. हसवणाऱ्यासाठी चार घरांची भांडणं. खलनायकाला नेताना लोक नाक मुरडत, पण उपाशी ठेवत नसत. आणि ज्याच्या वाट्याला रडायचा, मार खायचा पार्ट, तो सुगंधाबाईचा. त्यात कोणी बोट घालायचं नाही. सुगंधाबाई एकटी, पन्नाशी उलटलेली, चार खंडी धान पिकवणारी बाई. तिचं म्हणणं एवढंच, की जो आपल्या डोळ्यांसमोर इतका रडला त्याला आपण पोटभर जेवताना पाहिल्याशिवाय आपल्याला घास उतरत नाही.

मंडईच्या पहिल्या संध्याकाळी तंबू गच्च भरला. पडदा म्हणजे दोन धोतरं एकत्र शिवलेली, शिवण नेमकी मधून. त्यामुळं नायकाचं नाक कधी डावीकडं, कधी उजवीकडं. इंजिन धापा टाकी तसतसा उजेड कमी-जास्त होई. अशा पडद्यावर काळा कोट आणि मिशी एवढंच काय ते धड दिसत होतं. पण दुःख दिसायला उजेड कमी लागतो. लॉरी खोपटी उचलून न्यायला लागली तेव्हा बायका त्या ड्रायव्हरला नाव घेऊन शिव्या देत होत्या, आणि नाव त्यांचं त्यांनीच ठेवलं होतं.

सिनेमा संपला. कोणी उठेना.

"अन् मंग?" सुगंधाबाईनं विचारलं.

"मंग काय, बाई? खतम," इनायतभाई म्हणाले.

"खतम कसा? मानूस तं अजून रस्त्यावरच हाय."

पाटलांनीही पागोटं सारखं केलं. "बरोबर हाय तिचं. नाटक असं अर्ध्यावर सोडून कोनी उठते काय? आमच्या गावात राजा मेला तरी शेवटी देव येऊन उठवते त्याले. तुमचा देव कुठी राह्यला?" इनायतभाईंकडं देव नव्हता आणि पुढचं रीळही नव्हतं. गाव चुटपुटत घरी गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर पाटलांनी विचारलं, "कलाकार किती तुमचे?"

"कलाकार डब्ब्यात आहेत, पाटील," इनायतभाईंनी रिळांच्या डब्यांकडं बोट केलं.

गाव हसलं. चांगला विनोद झाला असं सगळ्यांना वाटलं. "अन् तो कोटवाला?" पाटलांनी विचारलं. लटारू तेव्हा काळा कोट घालून बंडीच्या चाकाला टेकून तुरीच्या शेंगा सोलत होता. इनायतभाईंनी त्याच्याकडं पाहिलं, गावाकडं पाहिलं, काल गच्च भरलेल्या तंबूकडं पाहिलं, आणि त्यांच्यातला धंदेवाला बोलून गेला, "हां, वो... तो एकच आला."

लटारूला हे काही ऐकू गेलं नाही. त्याला एवढंच कळलं, की एका बाईनं येऊन "चाल बापू, जेवाले चाल" म्हटलं.

सुगंधाबाईनं त्याला पाटावर बसवलं. पाय धुवायला ऊन पाणी दिलं. पानात तांदळाचा वाफाळता भात, लाखोळीच्या डाळीचे वडे, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. लटारू आजवर पाटावर बसून जेवला होता तो कोणाच्या तरी तेराव्याला. त्याचा हात भातावर थबकला.

"खा ना गा," ती म्हणाली. "अन् एक सांग. त्या शिपायानं दंडुका मारला ते लागलं काय रे तुले?"

लटारूनं चमकून वर पाहिलं. हिला कसं कळलं? पण वडश्याचे लोक सगळीकडं जातात, कोणी बोललं असेल. "लागलं ना, बाई," तो म्हणाला. "अजूनही हिवात खांदा धरते."

"मेल्याचे हात झडो. अन् बोचकं? ते चोरलं कोनी?"

"तेच तं नाई समजलं. थाळी होती त्याच्यात. माया मायची थाळी होती ते."

सुगंधाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि दोन वडे आणखी वाढले. मग ती विचारत गेली आणि लटारू सांगत गेला. थंडीत काय पांघरायचास, आजारी पडल्यावर पाणी कोण द्यायचं, सणाच्या दिवशी कुठं जायचास. चाळीस वर्षांत त्याला हे कोणी विचारलं नव्हतं. एकदा बांध फुटल्यावर तो काय आवरतो. हसत हसत सांगायचं म्हणून गडी सांगत होता आणि मधेच त्याला ठसका लागला. तिनं पाण्याचा गडू पुढं सरकवला. हात धुऊन तो बाहेर आला तेव्हा त्याला इतकं हलकं वाटत होतं, की त्यानं कोणी न सांगता बाईची लाकडं फोडून दिली.

त्या दिवशी दुपारी सुगंधाबाई तडक पारावर गेली आणि पाटलांना म्हणाली, "मी इचारून आली. सारं खरं हाय. ते निस्तं सोंग नाई, पाटील, त्याले खरंच घर नाई. सिनेमा आपल्या गावात आला, तं आता पुरा इथीच झाला पाह्यजे."

कोसंबटोल्यात नाटक अपुरं राहणं ही गावाच्या अब्रूची गोष्ट होती. पाटलांनी बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठची गावठाणातली पडीक जागा दाखवली. मंगरू गोंडाचा बांबूच्या कामात हात बसलेला. त्यानं माणसं घेतली आणि सांजेपर्यंत जंगलातून बांबू आणि सागाचे दोन खांब आणून टाकले. तिसऱ्या दिवशी सकाळी लटारू पाहतो तो बोडीच्या काठी निम्मं गाव चिखल तुडवतंय. त्याला वाटलं मंडईचं काही असेल, म्हणून तोही कोट काढून चिखलात उतरला. हमालाचाच हात तो. कुडाच्या भिंतींवर गारा लिंपता लिंपता त्यानं मंगरूला विचारलं, "कोनाचं बांधून राह्यले गा?"

"तुयंच रोन होय," मंगरू म्हणाला. गोंडीत रोन म्हणजे घर, हे लटारूला ठाऊक होतं. तरी त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

तेवढ्यात सुगंधाबाई गाऱ्यासाठी पाण्याची घागर घेऊन आली. "मले तुयं सारं सोसलं," ती सांगू लागली, "पन त्या मुंबईच्या पुलावर उभा राहून तू गानं म्हणत होतास ना, तवा मायं काळीज तुटलं."

"मी? पुलावर?" लटारू म्हणाला, आणि त्याच क्षणी सगळं त्याच्या ध्यानात आलं. हाताला गारा तसाच राहिला. हे घर त्याचं नव्हतं. हे धोतरांच्या शिवणीत नाक अडकलेल्या त्या माणसाचं घर होतं.

तो धावत इनायतभाईंकडं गेला. इनायतभाई खुशीत होते. आजूबाजूच्या चार गावांची माणसं येत होती, आधी बोडीवर जाऊन माणूस पाहायची आणि मग तंबूवर येऊन संध्याकाळच्या खेळाची तिकिटं काढायची. "लटारू, चूप रह," ते म्हणाले. "तू मेरा हीरा है. आता असंच करू. आज इथं घर, उद्या आरमोरीकडं घर, परवा आणखी कुठं. गावोगाव तुझं घर होऊन जाईल!"

"गावोगावी घर म्हंजे बिनघराचाच ना, इनायतभाई?"

इनायतभाई अत्तराचा फाया कानातून काढून परत कानात घालत राहिले.

लटारू परत बोडीवर आला. छपरावर आडं चढत होतं. आजूबाजूच्या घरांतून तणसाचे भारे येत होते, एका म्हातारीनं तर आपल्या गोठ्याचं सारवण बाजूला ठेवून या ओट्याला शेण आणलं होतं. गप्प बसलं तर संध्याकाळपर्यंत दार लागणार होतं. असं दार, की ज्यात पोरीच्या बापानं पोरगी पाठवली असती. एवढं खोटं बोलायला कोणतं पाप लागतं? देवानं चाळीस वर्षं दिलं नाही ते चुकून दिलं तर परत करायचं का? तो दिवसभर लिंपत राहिला आणि दिवसभर स्वतःशी भांडत राहिला. सोपं नव्हतं ते. ज्यांच्याजवळ घर आहे त्यांना प्रामाणिकपणा फार स्वस्तात पडतो.

दुपार कलली तेव्हा ताट्याचं दार बसलं. पाटील वही घेऊन आले, मागं सारं गाव. "हं, नाव सांग गा," ते म्हणाले. "जागा कागदावर घ्या लागते. सिनेमात तं कोनी तुयं नाव घेतलंच नाई."

इनायतभाई मागून डोळ्यांनी खुणावत होते. लटारूनं कोट काढला, घडी घातली आणि पाटलांच्या पायाशी ठेवला.

"पाटील, मी तो नोहो," तो म्हणाला. "मी लटारू. वडश्याचा हमाल. हा कोट इनायतभाईचा हाय. मुंबई मी पाह्यली नाई, तो पूल बी नाई पाह्यला. तुमी घर त्याले बांधलं. मले समजलं तवाच सांगाले पाह्यजे होतं, पन दार लागेपर्यंत तोंड नाई उघडलं." एवढं बोलून तो खाली पाहत उभा राहिला.

सुगंधाबाई पुढं आली. "मंग शिपायानं मारलं ते?"

"ते खरं, बाई. वडश्यात मारलं."

"बोचकं चोरलं ते?"

"ते बी खरं."

"अन् मायची थाळी?"

लटारूनं मान डोलावली. सुगंधाबाई कमरेवर हात ठेवून गावाकडं वळली. तिचा चेहरा रागानं लाल झाला होता. "आयकलं काय? ह्या गरीब मानसाची सारी गोष्ट त्या मुंबईवाल्याईनं चोरली! बोचक्यासंगं गोष्ट बी नेली मेल्याईनं!"

गावाला हे तत्काळ पटलं. नाहीतर मुंबईला कुठून कळणार, की वडश्यात एकाचं बोचकं गेलं म्हणून? मंगरूनं तर विचारलं, की याची फिर्याद कुठं करायची. पाटलांनी इनायतभाईंना बजावलं, "तुमी मुंबईले लिहून कळवा. म्हना, मानूस भेटला, घर भेटलं, आता पुढचं बनवा." इनायतभाई हसत सुटले ते त्यांचं पोट थांबेना, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. पाटलांनी वहीत लिहिलं, 'लटारू, वडसेकर', आणि मग 'वडसेकर' खोडून त्यावर लिहिलं, 'मुक्काम कोसंबटोला'.

त्या संध्याकाळी शेवटच्या खेळाला पडदा काळा झाला तेव्हा इनायतभाई स्वतः भोंगा घेऊन पुढं उभे राहिले आणि ओरडले, "इसके आगे का हिस्सा बोडी के काठ पे है! जाते जाते देख के जाव!" आणि माणसं खरोखर गेली. कोणी पायलीभर तांदूळ ठेवून गेलं, कोणी मडकं, कोणी सूप, कोणी पाट. लटारू नव्या ओट्यावर बसून सगळ्यांना रामराम घालत होता, आणि प्रत्येक जण त्याला एकच विचारत होता, "मंग, आता बरं हाय ना?"

सकाळी इनायतभाईंच्या बंड्या निघाल्या. लटारू गावाच्या शिवेपर्यंत पोचवायला गेला. परत येऊन त्यानं चूल पेटवली, भात चढवला आणि दार लोटून चुलीपुढं बसला. भिंतींचा ओला वास येत होता. तो काही विचार करत नव्हता, भाताकडं पाहत होता.

बाहेरून कोण्या बाईची हाक आली, "अजी, कोनी हाय काय घरात? जरासा इस्तो पाह्यजे होता चुलीसाठी."

लटारूनं मागं वळून पाहिलं. घरधनी कुठं गेला, आणि उठून ओ का देत नाही, असं त्याच्या मनात आलं. बाईनं पुन्हा हाक मारली, "कोनीच नाई काय?" तेव्हा कुठं त्याला उमगलं, आणि तो इतक्या घाईनं उठला, की पाटाला अडखळला.

"हाय!" लटारू मिलच्या इंजिनावरून ओरडावं तसा ओरडला. "हाय ना, बाई! मी हाय घरात! या, आत या!"